नेमबाजीचे पिस्तूल आणि कारखान्याची हमी

साताऱ्या-सांगलीकडच्या माणसाला खेळ म्हटला की आधी तालीम आठवते. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ साली हेलसिंकीहून कुस्तीचे कांस्यपदक घेऊन आले. त्यांचे हत्यार म्हणजे त्यांचे शरीर. आता आपल्या मुलामुलींनी इतर खेळांतही नाव काढले आहे. साताऱ्याची अदिती स्वामी २०२३ साली बर्लिनला धनुर्विद्येत जगज्जेती झाली. शेजारच्या कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलाचे सुवर्णपदक मिळवले, आणि राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ साली पॅरिसला रायफलीत कांस्यपदक. हे पाहून आपल्या शाळांतील मुलांनाही नेमबाजी शिकावीशी वाटली, तर त्यात नवल नाही.

पण या खेळात शरीराच्या जोडीला यंत्र लागते, आणि यंत्र म्हटले की बिघाड आलाच. स्पर्धेचे परदेशी हवेचे पिस्तूल लाखाच्या पुढे जाते. उसाच्या बिलातून बाजूला काढलेले पैसे त्यात घातलेले असतात. ते ऐन स्पर्धेच्या तोंडावर बिघडले, तर घरचे माणूस म्हणते, "आपल्या लेथवाल्याकडे टाका, तासात करून देईल." वाचकहो, इथेच थांबायचे. विहिरीवरची नवी मोटार जळाली आणि आपण ती गावातल्या रिवाइंडिंगवाल्याकडे उघडली, तर कंपनी काय म्हणते? "सील तोडलेत, आता हमी संपली." पिस्तुलाचेही तसेच आहे.

आधी हे यंत्र कसे चालते ते पाहू. १० मीटरच्या पिस्तुलाला नळीखाली हवेचे एक लहान सिलिंडर असते. त्यात हवा साधारण २०० बार दाबाने भरलेली असते. मोटारसायकलच्या चाकातील दाब दोन बारच्या आसपास असतो, म्हणजे हा त्याच्या शंभरपट झाला. चाप ओढला की मोजकी हवा सुटते आणि साडेचार मिलिमीटरचा शिशाचा छर्रा नळीतून निघतो. लक्ष्यावरचे दहा गुणांचे वर्तुळ केवळ साडेअकरा मिलिमीटर व्यासाचे. हवा जराशी कमी-जास्त सुटली, तरी छर्रा वर-खाली बसतो. मुलाचा हात चुकला की यंत्र चुकले, हे मग कळत नाही, आणि बिचारे पोर स्वतःलाच दोष देत बसते.

म्हणून शिक्षकांनी तक्रार करण्याआधी चार गोष्टी तपासाव्यात. साइटचे स्क्रू ढिले आहेत का? छऱ्यांचा डबा बदलला आहे का? सिलिंडरवरचा काटा रात्री लिहून ठेवावा आणि सकाळी पुन्हा पाहावा. पिस्तूल न वापरता काटा उतरला, तर हवा गळते आहे. आणि चापाला किमान ५०० ग्रॅम वजनाचा ताण असावा लागतो. नळी उभी धरून चापाला वजन अडकवून तो मोजतात. माहितीपुस्तकात सांगितलेले स्क्रू फिरवायला हरकत नाही. त्यापलीकडे काही उघडू नये.

आता हमी म्हणजे काय? ते कारखान्याने लिहून दिलेले वचन आहे, आणि वचनाला अटी असतात. घडणीत किंवा धातूत दोष निघाला, तर ठरलेल्या मुदतीत तो विनामूल्य दुरुस्त करून देण्याची ही जबाबदारी असते. रबरी कड्या वापराने झिजतात, त्या बहुधा हमीत धरत नाहीत. मूठ हाताला बसावी म्हणून कानशीने घासली, तर त्या मुठीची भरपाई मागता येत नाही. कित्येकदा हमी पहिल्या खरेदीदारालाच असते. तेव्हा जुने पिस्तूल स्वस्तात घेताना, किंवा कुणी परदेशातून आणून दिलेले घेताना, ही हमी आपल्याला लागू आहे का, ते आधी विचारावे. सिलिंडरची गोष्ट वेगळी. त्यावर तारीख कोरलेली असते, आणि कारखाने त्याची मुदत साधारण १० वर्षे धरतात. ती उलटलेले सिलिंडर कितीही चांगले दिसो, ते वापरू नये.

खरी तयारी खरेदीच्या दिवशीच करायची. बिलावर पिस्तुलाचा क्रमांक घालून घ्यावा. हमीच्या कार्डावर तारीख आणि दुकानाचा शिक्का घ्यावा. हमी कोण देतो, कारखाना, आयात करणारा की दुकानदार, हे लिहून घ्यावे. ही कागदपत्रे सातबाऱ्याच्या उताऱ्याबरोबर जपून ठेवावीत.

बिघाड झाला की फोनवर बोलून भागत नाही, लिहून कळवावे. पत्र असे असावे: "आपल्याकडून अमुक तारखेला, अमुक बिलाने, अमुक क्रमांकाचे पिस्तूल घेतले. अमुक तारखेपासून सिलिंडरची हवा रात्रीतून २०० वरून १५० वर येते. पिस्तूल उघडलेले नाही. हमीप्रमाणे दुरुस्ती करून द्यावी आणि किती दिवस लागतील ते कळवावे." "पिस्तूल बरोबर चालत नाही" एवढेच लिहिले, तर समोरचा माणूस काय समजणार? पाठवताना नळीत छर्रा नाही याची खात्री करावी, सिलिंडर माहितीपुस्तकात सांगितल्याप्रमाणे रिकामे करावे, काय काय पाठवले त्याची यादी करावी आणि पोच घ्यावी. एस.टी.त किंवा बाजारात पिस्तूल पेटीबाहेर काढू नये. ते खेळाचे आहे हे आपल्याला ठाऊक असते, बघणाऱ्याला नसते.

कायद्याची बाजूही ध्यानात घ्या. नळीचा व्यास साडेचार मिलिमीटरपेक्षा जास्त नसेल आणि छऱ्याची ऊर्जा २० ज्यूलपेक्षा जास्त नसेल, तर २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे हवेच्या पिस्तुलाला परवाना लागत नाही. पॉइंट बावीसचे, काडतुसाचे पिस्तूल मात्र परवान्याचेच. १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे अशा हत्याराची दुरुस्तीसुद्धा परवाना असलेल्यानेच करायची असते, आणि ते देशाबाहेर पाठवायलाही परवाना लागतो. म्हणून ते परस्पर कुठेही न पाठवता परवानाधारक विक्रेत्याच्या हाती द्यावे. लेथवाल्याने चांगल्या मनाने हात लावला, तरी तो अडचणीत येतो आणि आपणही.

आणि दुकानदाराने टोलवाटोलवी केली तर? नकाराचे कारण लेखी मागावे. मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. तरीही दाद लागली नाही, तर सातारा आणि सांगली या दोन्ही ठिकाणी जिल्हा ग्राहक आयोग आहेत. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे ग्राहकाला तो राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते. दुकान मुंबईचे असले म्हणून मुंबईला खेटे घालावे लागत नाहीत. वस्तूची किंमत पाच लाखांपर्यंत असेल, तर फी नाही. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत मात्र अर्ज गेला पाहिजे. दोष खरा आहे का, हे ठरवायला आयोग वस्तू प्रयोगशाळेत पाठवू शकतो. आपण आधीच ती खोलून ठेवली असेल, तर प्रयोगशाळेला तरी काय सापडणार?

शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, शेवटी एक सांगणे. हमीने पिस्तूल परत मिळते, पण टळलेली स्पर्धा परत मिळत नाही. सुटा भाग परदेशातून यायचा असला, तर आठवड्यांचे महिने होतात. म्हणून स्पर्धांचा हंगाम लागण्यापूर्वीच पिस्तूल तपासून घ्यावे आणि हमीची मुदत संपायच्या आत बारीकसारीक तक्रारही कळवून मोकळे व्हावे. पेरणीआधी तिफण नीट करून ठेवणाऱ्या माणसाला हे निराळे शिकवायला नको.