पाटीच्या दगडावरची द्राक्षबाग

जर्मनीत मोझेल नदीच्या काठी वेलेन हे गाव आहे. गाव एका तीरावर आणि बागा समोरच्या तीरावर. नदीपासून थेट वर गेलेला तो उतार काही जागी ७० टक्क्यांचा आहे. वेलींच्या मधोमध, कातळावर, सावलीचं घड्याळ दिसतं. बागेत राबणाऱ्यांना जेवणाची आणि सुटीची वेळ कळावी म्हणून बागमालक जोडोकुस प्र्यूम यांनी १८४२ साली ते उभारलं. आज ही बाग त्या घड्याळाच्याच नावाने ओळखली जाते.

माती म्हणावी अशी माती इथे थोडीच. पायाखाली वाजतात त्या निळसर करड्या चिपा; आपल्या शाळेतल्या जुन्या पाट्या असायच्या त्याच जातीच्या दगडाच्या. सुमारे ४० कोटी वर्षांपूर्वी समुद्रतळाशी साचलेल्या गाळाचा हा दगड झाला. मोझेलचं ऊन मवाळ, आणि रीसलिंग ही द्राक्षाची जात उशिरा पिकणारी. दिवसभर तापलेल्या या चिपा रात्री ऊब परत देतात, म्हणून तर तिथे घड पिकतो. पाणी साचत नाही, मुळं फटींतून खोल उतरतात.

एकोणिसाव्या शतकात फायलोक्सेरा या मुळांवरच्या किडीने युरोपच्या बागा उद्ध्वस्त केल्या. या दगडात मात्र तिला थारा मिळेना. त्यामुळे इथल्या कित्येक जुन्या वेली अजून कलमाविना, स्वतःच्याच मुळांवर उभ्या आहेत. आधी डॉगरिज जातीचा खुंट लावून त्यावर कलम भरणाऱ्या नाशिक-सांगलीच्या बागायतदाराला याचं नवल वाटेल. मांडवही नाही. जुन्या पद्धतीत प्रत्येक वेलीला स्वतंत्र खांब, आणि दोन काड्या वाकवून खाली अशा बांधायच्या की बदामाचा आकार व्हावा. अशा चढावर ट्रॅक्टर चालत नाही. छाटणी आणि तोडणी हातानेच.

१९११मध्ये प्र्यूमांच्या जमिनीची सात भावंडांत वाटणी झाली. योहान योसेफ यांच्या हिश्श्यातून आजचं 'योह. योस. प्र्यूम' हे वाइनचं घराणं उभं राहिलं. वाटण्यांनी शेती मोडताना आपण पाहिली आहे, म्हणून मला हे विशेष वाटतं: इथे हिस्से पडले, पण एकाच टेकडीचं नाव वेगवेगळ्या घरांच्या बाटल्यांवर राहिलं आणि तिची पत टिकली. १९६९पासून मानफ्रेड प्र्यूम यांनी कारभार पाहिला. पुढे तो कायद्यात डॉक्टरेट केलेल्या त्यांच्या कन्या काटारीना यांच्याकडे आला.

या घराण्याच्या हलक्या वाइनमध्ये मद्यार्क जेमतेम ८-९ टक्के. कोवळेपणी तिला किण्वनाचा उग्र वास येतो, तो जायला काही वर्षं लागतात. चांगल्या सालातली बाटली मग दशकानुदशकं टिकते.