मुले मामूंबरोबर जहाजावर, सही अम्मी-अब्बांची

कोकणातल्या आणि मुंबईतल्या आपल्या कितीतरी घरांत एखादे मामू, चाचा किंवा खालू आखातात नोकरीला असतात. पूर्वी सुट्टीत मुले त्यांच्याकडे फक्त राहायला जात. आता "आम्ही क्रूझला निघालोय, मुलांनाही पाठवा" असा फोन येतो. थंडीच्या दिवसांत दुबईहून निघून अबू धाबी, दोहा, मस्कत अशी बंदरे करून परतणारी मोठी प्रवासी जहाजे असतात. आई-वडिलांना रजा नसते, मुलांची बॅग मात्र तयार होते. अशा वेळी शाळेत आमच्याकडे पालक बोनाफाईड दाखला मागायला येतात. तेवढ्याने भागत नाही, म्हणून हा लेख.

बंदरावर एखादा कागद कमी पडला तर जहाज थांबत नाही. भरलेले पैसे सहसा परत मिळत नाहीत. मुलाला सोडून बाकीच्यांनी चढायचे, की सर्वांनी मागे फिरायचे, हा प्रश्न पाहुण्यांसमोर उभा राहतो. अधिकारी कागद मागतात यात अपमान नाही. मुले पळवून नेण्याचे प्रकार जगभर होतात, आणि कधी कधी आई-वडिलांपैकी एकजणच दुसऱ्याला न सांगता मुलाला परदेशी नेतो. हा कागद आपल्याच मुलाच्या रक्षणासाठी आहे.

पासपोर्ट आधी पाहा

अल्पवयीन मुलाचा पासपोर्ट ५ वर्षांसाठी किंवा १८ वर्षे पूर्ण होईपर्यंत, यांपैकी जे आधी येईल तोवर चालतो. १५ ते १८ वयाच्या मुलांना १० वर्षांचा पासपोर्टही घेता येतो. पहिलीत काढलेला पासपोर्ट सहावीत संपतो, हे अनेकांच्या लक्षात राहत नाही. शिवाय प्रवासाच्या वेळी त्याची किमान ६ महिने मुदत शिल्लक असावी लागते. नवा पासपोर्ट काढताना दोन्ही पालकांच्या सहीचे परिशिष्ट 'डी' द्यावे लागते. एका पालकाची संमती मिळणे शक्य नसेल तर परिशिष्ट 'सी' असते. १ ऑक्टोबर २०२३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या बाळासाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून फक्त जन्मदाखलाच चालतो.

नावातली गफलत

शाळेच्या रजिस्टरमध्ये आम्ही हे रोज पाहतो. जन्मदाखल्यावर 'मोहम्मद', आधारवर 'मोहंमद', पासपोर्टवर 'मुहम्मद'. आईचे नाव एकीकडे 'फातिमा बी', दुसरीकडे 'फातिमा शेख'. इंग्रजी स्पेलिंग तर तीन ठिकाणी तीन. संमतीपत्रावरचे नाव आणि पासपोर्टवरचे नाव अक्षरन् अक्षर जुळले पाहिजे.

मुलीचे नाव नुसतेच 'आयेशा' ठेवून आडनावाची जागा रिकामी सोडू नये. संयुक्त अरब अमिरातीने नोव्हेंबर २०२२ मध्ये पासपोर्टवर एकच नाव असलेल्यांना पर्यटक व्हिसावर प्रवेश नाकारायला सुरुवात केली. पुढे, दुसऱ्या पानावर वडिलांचे किंवा कुटुंबाचे नाव असल्यास चालेल, असा खुलासा झाला. तरी दोन्ही रकाने भरलेले असणेच सोयीचे.

संमतीपत्रात काय असावे?

पत्र इंग्रजीत लिहावे, त्यावर आई आणि वडील दोघांची सही असावी आणि ते नोटरी करून घ्यावे. त्यात पुढील गोष्टी याव्यात:

- मुलाचे पूर्ण नाव, जन्मतारीख, पासपोर्ट क्रमांक
- आई-वडिलांची नावे, पत्ता, फोन
- सोबतच्या मोठ्या माणसाचे नाव, पासपोर्ट क्रमांक आणि मुलाशी नाते
- जहाजाचे नाव, तारखा, बंदरे
- आजारपणात उपचार करून घेण्याची परवानगी

शेवटचा मुद्दा विसरू नका. समुद्रात असताना तातडीच्या उपचाराचा निर्णय मामूंना घ्यावा लागला, तर जहाजावरचा डॉक्टर हाच कागद पाहील. पत्रासोबत मुलाचा जन्मदाखला आणि दोन्ही पालकांच्या ओळखपत्रांच्या प्रती जोडाव्यात.

वडील सौदीत किंवा कुवेतमध्ये असतील तर त्यांची सही तिथल्या भारतीय दूतावासातून साक्षांकित करून घ्यावी. त्याला वेळ लागतो, म्हणून महिनाभर आधीच हालचाल करावी.

एकटी आई, यतीम मुले

इथे सर्वांत जास्त अडचण येते. मुस्लिम वैयक्तिक कायद्यात लहान मुलाची हिजानत आईकडे असली तरी वली वडील मानले जातात. परक्या देशातल्या अधिकाऱ्याला हा बारकावा ठाऊक नसतो, त्याला कागद हवा असतो. वडील हयात नसतील तर मृत्यूचा दाखला सोबत द्यावा. तलाक झाला असेल तर मुलाच्या ताब्याचा न्यायालयाचा आदेश असावा. नाना-नानींनी वाढवलेल्या यतीम मुलांसाठी १८९० च्या पालक व पाल्य कायद्याखाली न्यायालयाकडून पालकत्वाचा आदेश घेता येतो. जहाजाची सफर हे निमित्त झाले, हा आदेश पुढे पासपोर्टपासून बँकेपर्यंत अनेक ठिकाणी उपयोगी पडतो.

आणखी काही गोष्टी

सोबतच्या माणसाचे वय विचारून घ्या. अनेक जहाज कंपन्यांना तो २१ वर्षांचा हवा असतो. बारावी झालेला चुलतभाऊ धाकट्या बहिणीला घेऊन गेला तर चालेलच असे नाही.

जहाज अमिरातीतून बाहेर जाऊन परत येणार असेल तर तिथला व्हिसा अनेक वेळा प्रवेश देणारा लागतो. एकदाच प्रवेश देणाऱ्या व्हिसावर गेलेले मूल परतताना अडकते. बाकीच्या बंदरांसाठी काय लागते, हे कंपनीकडून लेखी मागवा.

मुलाला औषध चालू असेल तर डॉक्टरची चिठ्ठी द्या. कोडीनयुक्त खोकल्याच्या औषधावर आखातात कडक निर्बंध आहेत.

मुंबईहून गोव्याला जाणाऱ्या जहाजाला पासपोर्ट लागत नाही, पण मुलाचे ओळखपत्र आणि पालकांचे संमतीपत्र जवळ असू द्या. लक्षद्वीपला मात्र प्रवेश परवाना लागतो.

मूळ कागद मामूंच्या हातातल्या पिशवीत ठेवा, मोठ्या बॅगेत नको, कारण ती चढण्याआधीच घेतली जाते. एक प्रत घरी, एक फोनमध्ये असू द्या. आणि निघण्यापूर्वी मुलाला जवळ बसवून अम्मी-अब्बांचे फोन नंबर तोंडपाठ करून घ्या. अधिकारी कधी कधी थेट मुलालाच विचारतात, "तू कोणाबरोबर चाललास?" त्याला न घाबरता उत्तर देता आले पाहिजे.