निळ्या फुलाचं काळं नाव

नानवर भुरभुरलेली कलौंजी सगळ्यांना ठाऊक असते. अनेकजण तिला कांद्याचं बी म्हणतात. कांद्याशी तिचं नातं शून्य. तिच्याच प्रजातीतली एक वर्षायू वनस्पती मात्र फुलांसाठी बागेत लावतात : नायजेला डमासिना. ‘नायजेला’ हे नाव लॅटिनमधल्या काळ्या रंगावरून, बियांकडे बघून पडलेलं. फूल आकाशी, नाव काळं! ‘डमासिना’त दमास्कस आहे, पण झाड भूमध्य समुद्राभोवती दक्षिण युरोप, उत्तर आफ्रिकेतही रानोमाळ उगवतं. वनस्पतिशास्त्रज्ञ लिनिअसने १७५३ मध्ये त्याची याच नावाने नोंद केली.

इंग्रजांनी त्याला ‘लव्ह-इन-अ-मिस्ट’ म्हटलं. यातलं धुकं म्हणजे फुलाखालची, शेपूच्या पाल्यासारखी बारीक चिरलेली हिरवी छदं. कलौंजीच्या फुलाला हा वेढा नसतो, दोघींतला फरक ओळखायची ही सोपी खूण.

खरी गंमत फुलाच्या आत आहे. आपण ज्यांना निळ्या पाकळ्या म्हणतो ती असतात रंगलेली निदलं. खऱ्या पाकळ्या पुंकेसरांच्या बुडाशी, इवल्याशा. भिंग घेतलं तर दिसतं की त्यांच्या मधाच्या कुप्या झाल्यात आणि प्रत्येकीवर झाकणही आहे. मधमाशी झाकण उचलत कुपीमागून कुपी गोल फिरते. सुरुवातीला पुंकेसर बाहेर झुकून तिच्या पाठीला पराग फासतात. पुढे बीजकोशावरचे लांब किंजल खाली वाकतात आणि दुसऱ्या फुलावरून आलेला पराग त्याच पाठीवरून टिपतात. दुहेरी फुलांच्या झाडांत कुप्यांच्या जागीही निळी दलंच येतात. दिसायला भरगच्च, माशीला कोरडं. मला म्हणून एकेरीच आवडतं.

नंतर फुगतो तो बीजकोश : पाच किंजदलं जुळून झालेला, वर शिंगं राखलेला. त्या शिंगांना बघून की काय, याच झाडाला ‘डेव्हिल-इन-अ-बुश’ असंही नाव आहे. कोश आडवा कापला तर आत बियांचे पाच कप्पे आणि बाहेर नुसत्या हवेचे पाच.

आपल्याकडे हे थंडीचं झाड. ऑक्टोबर-नोव्हेंबरात बी थेट वाफ्यात पेरायचं, कारण सोटमुळाला जागा बदललेली सोसत नाही. आणि उरलेलं बी कलौंजीच्या डब्यात टाकू नका. या बियांत डमासिनिन नावाचं अल्कलॉइड असतं.