हरणांच्या हंगामात बंदूक किती वेळा साफ करावी?

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी हरणांच्या शिकारीचा नऊ दिवसांचा हंगाम सुरू होतो. पाच लाखांहून अधिक परवानाधारक शिकारी व्हाइटटेल हरणाच्या मागावर रानात उतरतात. नोव्हेंबरअखेरची कडक थंडी, मधूनच पाऊस किंवा बर्फ. अंधार पडल्यावर सगळे मुक्कामी परतले की जुना वाद निघतो: आज नळी घासायची की नाही? या वादातली बरीचशी मतं आजोबांकडून नातवाकडे आलेली असतात. आजोबांच्या काळी ती बरोबर होती. काडतुसं बदलली, मतं मात्र तशीच राहिली.

त्यातलं सर्वांत पक्कं मत म्हणजे, ‘बार काढला की त्याच रात्री नळी धुतलीच पाहिजे.’ यामागे खरं रसायनशास्त्र होतं. पूर्वी काडतुसाच्या बुडाशी असणाऱ्या प्रायमरमध्ये पोटॅशियम क्लोरेट असे. ते जळलं की नळीत पोटॅशियम क्लोराइड उरे. हा मिठाच्याच जातीचा क्षार. हवेतली ओल ओढून घेई आणि पोलाद गंजवी. 1920च्या दशकाच्या अखेरीस रेमिंग्टन कंपनीने न गंजवणारे प्रायमर बाजारात आणले. अमेरिकी लष्कराच्या रायफलींच्या काडतुसांत हा बदल पूर्ण व्हायला 1950चं दशक उजाडलं. आज दुकानात मिळणाऱ्या शिकारीच्या नव्या काडतुसांत तो जुना क्षार नसतो. पूर्व युरोपातल्या लष्करी साठ्यांतली जुनी काडतुसं वापरणाऱ्याने मात्र आजोबांचंच ऐकावं, आणि नळी पाण्याने धुवावी. क्षार पाण्यात विरघळतो, तेलात नाही.

‘नळी जितकी स्वच्छ तितका नेम अचूक’ हा समज मला जास्त गंभीर वाटतो, कारण त्याची किंमत जनावर मोजतं. हंगामाआधी शिकारी निशाणा जुळवून घेतो, तेव्हा नळीतून काही गोळ्या गेलेल्या असतात आणि आत दारूचा व तांब्याचा पातळ थर बसलेला असतो. मग आदल्या रात्री तो नळी चकचकीत घासतो, वर तेलाचा हात देतो. सकाळी तेलकट नळीतून सुटलेली पहिली गोळी जुळवलेल्या जागी पडेलच असं नाही. फरक किती, ते नळीनळीवर अवलंबून असतं. काही नळ्यांत तो जाणवतही नाही. पण रानात बहुतेक वेळा एकच बार मिळतो, आणि चार बोटं चुकलेल्या गोळीने जखमी झालेलं हरीण झाडीत निघून जातं. म्हणून निशाणा जुळला की कोरड्या हवेत हंगाम संपेपर्यंत नळीला हात लावू नये. साफ करावीच लागली तर कोरड्या चिंध्या फिरवून तेल पूर्ण काढावं आणि निशाणेबाजीच्या मैदानावर एकदोन बार काढून खात्री करून घ्यावी.

नळीत पाणी, बर्फ किंवा चिखल गेल्याची शंका आली, तर हा नियम बाजूला ठेवायचा. आधी बंदूक रिकामी करायची, मग नळी आरपार तपासून पुसायची. अडथळा असताना बार काढला तर नळी फुगते, कधी फाटते. त्यासाठी नळीच्या तोंडावर चिकटपट्टी लावलेली बरी. तिने नेम बिघडतो अशी भीती अनेकांना वाटते. प्रत्यक्षात गोळीपुढे ढकलली जाणारी हवाच ती आधी फोडून टाकते.

एवढं सगळं नळीचं झालं. बाहेरची बाजू मात्र रोज संध्याकाळी पुसायलाच हवी, एकही बार काढला नसला तरी. हाताचा घाम खारट असतो आणि स्टेनलेस पोलादही गंजतं. क्रोमियममुळे गंज लांबतो, टळत नाही. उणे दहा अंशांतून थेट उबदार खोलीत आणलेल्या बंदुकीवर दव धरतं, बोल्टच्या आत आणि लाकडी दस्त्याखालीही. म्हणून रिकामी केलेली बंदूक बंद कव्हरातच आत आणावी, खोलीइतकी उबदार होऊ द्यावी, मग बाहेर काढून पुसावी. पुन्हा त्या कव्हरात रात्रभर ठेवू नये. ओल अस्तरात साठते.

तेलाचा सढळ हातही नडतो. कडाक्याच्या थंडीत तेल घट्ट होतं, बोल्टमधली टाचणी मंदावते, चाप ओढल्यावर नुसता ‘टक्’ आवाज येतो. कापडाने पुसल्यावर उरेल तेवढंच तेल पुरे. डब्ल्यूडी-40 हे 1953 साली पाणी हटवण्यासाठी बनवलेलं द्रव्य आहे. भिजलेल्या बंदुकीतली ओल काढायला उत्तम, पण नंतर ते पुसून बंदुकीचं तेल लावावं लागतं.

नऊ दिवस संपले की विस्कॉन्सिनमध्ये ठासणीच्या बंदुकांचा दहा दिवसांचा हंगाम लागतो, आणि तिथे हिशेब उलटा होतो. काळी दारू जळल्यावर निम्म्याहून जास्त वजन घनरूपात मागे उरतं, आणि ते ओल शोषतं. पायरोडेक्ससारखी पर्यायी दारूही गंजवतेच. इथे त्याच दिवशी साबणाच्या कोमट पाण्याने धुणं, कोरडं करणं आणि तेल लावणं याला पर्याय नाही. भारतात 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार हरणाची शिकार गुन्हा आहे. पण कोकणात पीकसंरक्षणाच्या परवान्यावर ठासणीची बंदूक बाळगणाऱ्या शेतकऱ्यालाही हीच रीत लागू पडते. तिथली दमट हवा तर रात्रभरही थांबत नाही.

कसून सफाई हंगाम संपल्यावर. मॅगझिन काढा, चेंबर डोळ्यांनी पाहा आणि बोटाने चाचपा, काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवा. खिडकी उघडी असू द्या. शक्य असेल तिथे गज मागच्या बाजूनेच घाला; पुढून घातलेला गज नळीच्या तोंडाची कड झिजवतो, आणि गोळी सुटताना शेवटचा स्पर्श त्याच कडेला असतो. अमोनियायुक्त द्रावण वापरलं तर चिंधी निळी निघते, ते विरघळलेलं तांबं. निळेपणा थांबला की घासणंही थांबवा. पितळी ब्रशनेही थोडी निळाई येते, तिला फसू नका. शेवटी तेलाचा पातळ हात द्या, आणि शिशाचे कण हातावर असतात म्हणून जेवणाआधी हात साबणाने धुवा.