मांजरागणिक उपचार

जबलपूर शहराच्या कडेला असलेल्या रिछाई या कारखान्यांच्या वसाहतीच्या परिसरात, देशातील बहुतेक वस्त्यांप्रमाणेच, पाळलेले मांजर सहसा कोणत्याही नामांकित जातीचे नसते, आणि म्हणून ‘व्यक्तिगत उपचार’ म्हटले की डोळ्यांपुढे येणाऱ्या जनुकीय चाचण्यांचा अशा देशी मांजराशी काय संबंध, असा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. संबंध आहे, कारण या उपचारपद्धतीचा गाभा एखाद्या मांजराची तुलना त्याच्याच पूर्वीच्या नोंदींशी करण्यात असून, त्यासाठी सर्वांत आधी लागतो तो वजनकाटा आणि एक वही.

जबलपूरला पशुवैद्यकाची जुनी परंपरा आहे. येथील पशुवैद्यक महाविद्यालय १९४८ साली सुरू झाले, पुढे ते जवाहरलाल नेहरू कृषी विद्यापीठात आले आणि २००९ मध्ये, आता हिंगोली जिल्ह्यातील कडोळी येथे जन्मलेल्या नानाजी देशमुखांच्या नावाने ओळखले जाणारे स्वतंत्र पशुवैद्यकीय विद्यापीठ स्थापन झाल्यावर त्याचा भाग बनले. तथापि, मुंबईच्या १८८६ सालच्या महाविद्यालयापासून भारतातील हे शास्त्र मुख्यतः गाय, बैल, म्हैस आणि घोडा यांच्याभोवती वाढले. मांजर त्यात उशिरा आले, आणि बराच काळ त्याचा विचार लहान चणीचा कुत्रा म्हणूनच झाला.

तसा विचार करणे घातक ठरते. औषधावर रासायनिक प्रक्रिया करून ते शरीराबाहेर टाकण्यास मदत करणारे एक विकर मांजराच्या यकृतात कार्यक्षम नसते, त्यामुळे माणसाच्या तापावरची पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजराच्या रक्तातील हिमोग्लोबिन निकामी करते, हिरड्या तपकिरी पडतात आणि श्वास लागून जीव जाऊ शकतो. मांजरामांजरांतही फरक असतातच. त्यांचे मुख्य रक्तगट ए, बी आणि एबी असे तीन असून, बी गटाच्या मांजराच्या रक्तात ए गटाविरुद्धची तीव्र प्रतिपिंडे जन्मानंतर लवकरच आपोआप तयार होतात. अशा मांजराला चुकून ए गटाचे रक्त दिले, तर ते आयुष्यात पहिल्यांदाच दिलेले असूनही प्राणावर बेतते. म्हणून रक्त चढवण्यापूर्वी दाता आणि रुग्ण या दोघांचाही गट तपासावाच लागतो.

जनुकीय चाचण्यांचा उपयोग जातिवंत मांजरांत अधिक स्पष्ट दिसतो. पर्शियन मांजरांच्या मूत्रपिंडात गाठी निर्माण करणारा जनुकीय दोष २००४ मध्ये, तर मेन कून जातीत हृदयाचे स्नायू जाड करणारा दोष २००५ मध्ये ओळखला गेला. यांपैकी पहिला आजार आईबापांपैकी एकाकडूनच दोष आला तरी होतो, त्यामुळे पैदाशीपूर्वी चाचणी करणाऱ्याला पुढच्या पिलांचा त्रास टाळता येतो.

परंतु बहुसंख्य मांजरांच्या बाबतीत निर्णायक ठरतात त्या साध्या नोंदी, आणि उतारवयात सर्रास आढळणारा मूत्रपिंडाचा जुनाट विकार हे त्याचे उत्तम उदाहरण आहे. क्रिएटिनिन हे स्नायूंतून निर्माण होणारे आणि मूत्रपिंडांनी बाहेर टाकायचे द्रव्य असून, रक्तातील त्याचे प्रमाण दर डेसिलिटरला १.६ मिलिग्रॅमच्या वर गेले की विकाराची शंका घेतली जाते. ज्या मांजराचे प्रमाण तरुणपणी ०.९ होते आणि आता १.५ झाले आहे, त्याचा आकडा कागदावर निर्दोष दिसतो, प्रत्यक्षात मात्र मूत्रपिंडांच्या क्षमतेत मोठी घट झालेली असू शकते, आणि ही घट केवळ जुना अहवाल जपून ठेवला असेल तरच उमगते. शिवाय म्हातारपणी स्नायू झिजल्यामुळे क्रिएटिनिन मुळातच कमी तयार होते व अहवाल फसवा निघतो. म्हणून स्नायूंवर अवलंबून नसलेल्या एसडीएमए या दुसऱ्या द्रव्याची तपासणी आता जोडीने केली जाते. चार किलोच्या मांजराचे वजन चारशे ग्रॅमने घटले, तर दाट केसांखाली ते डोळ्यांना दिसतही नाही, मात्र ही घट दहा टक्क्यांची असते आणि कोणताही वैद्य ती दुर्लक्षिणार नाही.

एफआयपी या, एकेकाळी हमखास प्राणघातक मानल्या गेलेल्या, विषाणूजन्य आजारात तर उपचाराचे यशच वजनाच्या नोंदीवर अवलंबून असते. कॅलिफोर्नियातील डेव्हिस येथील संशोधकांनी २०१९ मध्ये ३१ मांजरांवर जीएस-४४१५२४ या औषधाचे परिणाम प्रसिद्ध केल्यानंतर बारा आठवड्यांची उपचारपद्धती रूढ झाली. तीत पिलू बरे होता होता वाढते, वाढत्या वजनानुसार औषधाची मात्रा वाढवावी लागते, आणि आजार डोळ्यांत किंवा मेंदूत शिरला असल्यास ती मुळातच जास्त ठेवावी लागते.

आहाराचा प्रश्न मराठी घरांना विशेष लागू पडतो. दूधभातावर मांजर पोसण्याची प्रथा मायेपोटी आलेली असली, तरी दृष्टी आणि हृदय यांसाठी मांजराला अत्यावश्यक असलेले टॉरिन हे द्रव्य भातात नसते व दुधात अत्यल्प असते. टॉरिनच्या अभावाने मांजराचे हृदय विस्फारते व दुबळे होते, हे १९८७ मध्ये सिद्ध झाले आहे, त्यामुळे शाकाहारी घरातील मांजर तपासताना त्याच्या ताटलीत रोज काय पडते हे विचारणे स्टेथोस्कोप लावण्याइतकेच महत्त्वाचे आहे.

वेदनेचे मोजमाप हा या पद्धतीचा सर्वांत नाजूक भाग होय. माँट्रियल विद्यापीठातील संशोधकांनी २०१९ मध्ये मांडलेल्या मोजपट्टीत कानांची ठेवण, डोळ्यांचे आकुंचन, तोंडाभोवतीचा ताण, मिशांची दिशा आणि डोक्याची उंची या पाच लक्षणांना प्रत्येकी शून्य ते दोन गुण दिले जातात, आणि बेरीज दहापैकी चार किंवा अधिक झाल्यास वेदनाशामक देण्याचा विचार केला जातो. ही मोजपट्टी तीव्र वेदनेसाठी आहे. सांधेदुखीसारख्या जुनाट दुखण्यात घरच्यांची नजरच अधिक उपयोगी पडते, कारण दवाखान्याच्या टेबलावर भेदरलेले मांजर अंग चोरून बसते आणि त्याची चाल पाहायला मिळत नाही. अशा वेळी घरी मोबाइलवर घेतलेल्या चित्रफितीत ते खिडकीवर एका झेपेत चढते की मध्ये खुर्चीचा आधार घेते हे दिसते, त्यावरून औषधाची मात्रा ठरवता येते, आणि काही आठवड्यांनी त्याच खिडकीपाशी घेतलेल्या दुसऱ्या चित्रफितीवरून ती पुरेशी आहे की नाही हे तपासता येते.