फेब्रुवारीत अ‍ॅस्टर मागा

बारामतीत भिगवण रस्त्याला माझं फुलांचं दुकान आहे. वर्षभर हार, पूजेचे पुडे, लग्नाच्या गाड्या. फेब्रुवारीचा दुसरा आठवडा मात्र व्हॅलेंटाइन डेमुळे पोरांचा. कॉलेजातला असो की एमआयडीसीतला, लाल गुलाबच मागतो. हल्ली एखादा विचारतो, "काकू, पर्यावरणाला बरं असं काही आहे का?" त्याची समजूत अशी की डच गुलाब विमानातून उतरतो.

तसं काही नाही. आपल्याकडे येतो तो बहुतेक मावळातला, तळेगावच्या बाजूच्या पॉलिहाउसमधला. तिथं गुलाबाला थंडीत शेकोटी लागत नाही, आणि ही गोष्ट लहान नाही. इंग्लंडच्या क्रॅनफिल्ड विद्यापीठानं २००७ साली हिशेब मांडला होता. केनियातून विमानानं आलेल्या १२,००० गुलाबांमागे सुमारे ६,००० किलो कार्बन डायऑक्साइड निघाला. हॉलंडच्या तापवलेल्या काचघरातल्या तेवढ्याच गुलाबांमागे ३५,००० किलो. तेव्हा नुसते किलोमीटर मोजून भागत नाही. लांबून येणारी खरी पाहुणी म्हणजे ती जांभळी ऑर्किड. बाजारात येते ती बरीचशी थायलंडची.

मला खुपतं ते फुलाभोवतीचं सामान. चौदा तारीख गाठायची म्हणून मावळात डिसेंबरात छाटणी उरकतात. कळी चांगली भरावी, लगेच फुटू नये म्हणून तिच्यावर जाळीची टोपी चढवतात. कळी एक, टोपी एक. २० नगांची गड्डी माझ्याकडे पोचते ती टोप्या आणि रबरांसकट. वर दुकानदारानं चढवायचा चकचकीत कागद आणि रिबन. शोभेची टोपली असली तर तळाशी हिरवा स्पंज. दिसतो शेवाळासारखा, पण तेही प्लास्टिकच. बोटानं दाबला की भुगा होतो आणि हात धुतले की गटारीतून कऱ्हा नदीत. ब्रिटनच्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीनं आपल्या प्रदर्शनांतून २०२१ पासून तो हद्दपार केला. मीही आणत नाही. कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी चुरगळून बरणीत बसवली की देठ छान उभे राहतात, आणि जाळी पुन्हा वापरता येते.

मग द्यायचं काय? अ‍ॅस्टर.

माझे धाकटे दीर इंदापूर तालुक्यात, निमगाव केतकीच्या पुढं शेती करतात. ऊस आहेच, तो कुणाला सुटलाय! पण काही गुंठ्यांत अ‍ॅस्टर आणि शेवंती असते. नीरा डाव्या कालव्याचं आवर्तन शेपटाला कधी पोचेल याचा भरवसा नाही. तिथं वर्ष-दीड वर्ष रान अडवून बसणाऱ्या उसापेक्षा चार-पाच महिन्यांत मोकळं होणारं पीक परवडतं. ऑक्टोबरच्या लावणीची तोड फेब्रुवारीत ऐन भरात असते. 'फुले गणेश' ही जात तर आपल्या पुण्याच्या गणेशखिंडीत तयार झालेली. पांढरा, गुलाबी, जांभळा, हवा तो रंग. फवारणी अ‍ॅस्टरलाही होते, उगाच सोवळं सांगत नाही. पण सकाळी तोडलेली जुडी दुपारी माझ्या बादलीत असते, मध्ये शीतगृह नाही.

एक काळजी मात्र घ्यायची. पाण्यात बुडणारी पानं सगळी ओरबाडून टाकायची, नाहीतर दुसऱ्याच दिवशी पाणी वास मारतं. देठ तिरपा कापायचा, पाणी रोज बदलायचं. आठवडाभर सहज टिकतो.

बांधायला मी केळीचं सोपट वापरते. भिजवलं की दोरीसारखं वळतं, आणि इंदापुरात केळीला तोटा नाही. गुंडाळायला वर्तमानपत्र. गुलाबच हवा असेल तर तोही असाच सुटा देते, टोपी काढून.

वासाचं फूल हवं असेल तर फेब्रुवारीचा हट्ट सोडावा लागतो. थंडीत गुलछडी रोडावते. पावसाळ्यात तिचे दिवस. मोगरा उन्हाळ्याचा. एप्रिलमध्ये कामावरून परतताना गजरा नेणारे नवरे माझी जुनी गिऱ्हाइकं आहेत, त्यांना कुठला 'डे' लागत नाही.

पोरांची अडचण वेगळीच. "काकू, तिला वाटेल मी पैसे वाचवले."

"मग दोन जुड्या ने," मी म्हणते. त्या आठवड्यात गुलाबाच्या एका बुकेच्या पैशात दोन बसतात, वर चहापुरते उरतात.