बर्फीसाठी सोबत

गिनीपिग हा आपल्याकडे प्राण्यापेक्षा वाक्प्रचार म्हणून अधिक परिचित आहे. १९९० च्या सुमारास आमच्या बँकेत संगणक यायचे ठरले, तेव्हा पहिल्या काही शाखांत आमच्या शाखेचा नंबर लागला. हेडकॅशियर रोज सकाळी तिजोरी उघडताना म्हणायचे, "मॅडम, आपला गिनीपिग केलाय बरं का!" त्यांनी हा प्राणी कधी पाहिला नव्हता. मीही नव्हता. तो जिवंत, उबदार, ओंजळीत थरथरणारा असा माझ्या घरी आला तो मी निवृत्त झाल्यावर. आणि एक नव्हे, दोन.

प्रयोगशाळेतली त्याची कीर्ती काही खोटी नाही. रॉबर्ट कॉखने १८८२ साली क्षयाचा जंतू दाखवून दिला तो गिनीपिगांवर प्रयोग करून. ज्यांचे नाव परळच्या संस्थेला आहे त्या हाफकिन यांनी १८९२ साली पॅरिसमध्ये पटकीची लस तयार केली, तीही पटकीचे जंतू एका गिनीपिगातून दुसऱ्यात असे नेत नेत. आणि पुढच्याच वर्षी ती घेऊन ते हिंदुस्थानात आले. म्हणजे आपल्या पणजोबा-पणजीवर या प्राण्याचे थोडे उपकार असण्याची शक्यता आहे. त्याच्या नावात मात्र काही अर्थ नाही. तो गिनी देशाचा नाही आणि डुकराच्या कुळातलाही नाही. तो दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वताकडचा. तिथल्या लोकांनी हजारो वर्षांपूर्वी त्याला माणसाळवले ते मांसासाठी, आणि पेरूमध्ये तो आजही ताटात वाढला जातो. पण त्याचे रानातले भाऊबंद काय किंवा पेरूतल्या स्वयंपाकघरात पायांत घोटाळणारे काय, राहतात ते घोळक्याने. एकटा गिनीपिग ही आपण माणसांनी निर्माण केलेली वस्तू आहे.

आमच्या नातीने २०२० च्या अखेरीला दोन पिल्ले आणली, बहिणी-बहिणी. पांढरी ती बर्फी आणि केशरी ठिपक्यांची ती जिलबी. २०२२ मध्ये मुलाची बदली बंगळुरूला झाली. तिथला घरमालक प्राण्यांना नाही म्हणाला. साहजिकच दोघी आजीकडे. "दोन महिन्यांनी नेतो" असे मुलगा म्हणाला होता. असो.

पाळायला सोपा असे या प्राण्याबद्दल सांगितले जाते. दुकानदार तर हमखास सांगतात, आणि जोडीला एक वीतभर पिंजराही गळ्यात बांधतात. दोघींना निदान चार फूट लांब आणि दोन फूट रुंद जागा लागते. दात आयुष्यभर वाढतात, म्हणून ते झिजवायला सुके गवत अष्टौप्रहर समोर हवे, दाणे नावापुरते. आपल्यासारखेच त्याच्याही शरीरात क जीवनसत्त्व तयार होत नाही. नॉर्वेतल्या होल्स्ट आणि फ्रॉलिश या दोघांना १९०७ साली स्कर्व्हीचा उलगडा व्हायला सुरुवात झाली ती यामुळेच. तेव्हा रोज ढोबळी मिरचीची फोड, कोथिंबीर, पेरूचा तुकडा. आणखी एक गोष्ट सांगून ठेवते, कारण ती सर्वांना ठाऊक नसते: पेनिसिलीनच्या जातीची औषधे या प्राण्याला पोटातून दिली तर आतड्यातले उपयोगी जंतू मरून तो दगावू शकतो. कुत्र्यामांजरांत मुरलेल्या डॉक्टरांनाही हे एकदा नम्रपणे विचारून घ्यावे.

हे सगळे आमच्याकडे ह्यांनी अंगावर घेतले. मी लिहायला बसले की हे त्या दोघींपाशी वर्तमानपत्र घेऊन बसत. फ्रीजचे दार उघडल्याचा आवाज आला की दोघी एका सुरात "वीऽक, वीऽक" करीत. फारच खुशीत आल्या तर लाही फुटावी तशी जागच्या जागी उडी मारीत. पण खरी गंमत होती ती माणसांकडे लक्ष नसतानाची. दिवसभर त्यांचे बारीक आवाजात काहीतरी चाललेले असे. एक खोक्याच्या घरातून बाहेर निघाली की दुसरी मागोमाग. एक जेवायला लागली की दुसरीलाही भूक. एक घाबरून थबकली की दुसरी तशीच पुतळा होऊन उभी.

डिसेंबर २०२४ मध्ये जिलबी गेली. पोटात गाठ होती. शस्त्रक्रियेचा उपयोग नाही असे डॉक्टर आधीच म्हणाले होते. त्यांनीच सांगितले, की लगेच उचलू नका, थोडा वेळ दुसरीजवळ राहू द्या, तिला कळू द्या. बर्फीने तिला हुंगले, एक-दोनदा नाकाने ढोसले, मग ती खोक्यात जाऊन बसली. कळले का, आणि काय कळले, हे मी सांगू शकत नाही. कादंबरीत असते तर सांगितले असते. दुसऱ्या दिवशी फ्रीज उघडला तरी आवाज नाही. गवत तसेच. गिनीपिगाने दिवसभर खाल्ले नाही तर त्याचे पोट बंद पडते आणि ते जिवावर बेतते. हे दर तीन तासांनी भिजवलेल्या खाद्याची पेज सुईविना पिचकारीतून भरवीत होते, रात्रीसुद्धा. चौथ्या दिवशी तिने आपणहून कोथिंबीर ओढली. पण घरातला आवाज गेला तो गेलाच.

बँकेत असताना 'आयदर ऑर सर्व्हायव्हर' हा शिक्का मी हजारो खात्यांवर मारला. मागे राहील त्याला पैसे मिळण्याची सोय त्यात असते. बाकी कशाची नसते.

सगळ्यांचे म्हणणे एकच: "तुम्ही दोघं आहात की घरी दिवसभर! तिला कसला एकटेपणा?" मला हे पटेना. हे तिच्याशी बोलत, मांडीवर घेत, तिला ते आवडेही. पण माणूस रात्री झोपतो, आणि हा प्राणी दिवसरात्र थोडे झोपून थोडे जागणारा. आपल्याला तिची भाषा येत नाही, तिच्या अंगाला अंग लावून गवतात झोपता येत नाही, कोपऱ्यात काय खुडबुडले ते तिच्या आधी ऐकता येत नाही. आपण तिच्यासाठी भला थोरला, प्रेमळ, भाजी आणून देणारा प्राणी असतो. सोबत ही निराळी गोष्ट. ससा आणावा असेही कोणी सुचवले. तर सशाच्या लाथेने याची हाडे मोडतात, आणि सशाला न बाधणारे जंतू याला आजारी पाडतात.

स्वित्झर्लंडमध्ये २००८ पासून कायदाच आहे, की गिनीपिग एकटा पाळायचा नाही, निदान दोन हवेत. मग दोहोंतला एक मेला की काय? नवा आणायचा, मग जुना मेला की नव्यासाठी आणखी नवा, ही साखळी संपायची कधी? तिथल्या एका बाईंनी यावर तोड काढली: मागे राहिलेल्याला सोबतीपुरता गिनीपिग भाड्याने द्यायचा, आणि तोही गेला की परत घ्यायचा. वाचून प्रथम हसू आले. मग वाटले, किती सरळ विचार आहे.

आमच्यापुढे तीच साखळी होती, वर आमची वये. पिल्लू आणावे तर ते सहा-सात वर्षे जगणार. मी सहासष्ट, हे एकाहत्तर. शिवाय आमचे घर वरच्या मजल्यावर, थेट गच्चीखाली. पारा तिशीच्या वर गेला की या प्राण्याला उष्माघाताची भीती, आणि एप्रिलमध्ये पुण्याचा पारा तिशीवर कधीच थांबत नाही. आधीचे उन्हाळे ओल्या पंचांवर आणि बर्फाच्या बाटल्यांवर काढले होते.

मग आम्ही चक्क स्थळे पाहू लागलो. नर नको, कारण वय झालेल्या मादीला पहिले बाळंतपण जिवावर बेतते. डॉक्टरांच्याच ओळखीत एक घर निघाले. तळमजला, अंगणात पेरूचे झाड, दहा वर्षांचा मुलगा, आणि तीन वर्षांची एक मादी, दुकानातून एकटीच आणलेली. त्या मादीने कधी दुसरा गिनीपिग पाहिलाच नव्हता. त्यांची इकडे आणायची की आमची तिकडे द्यायची, यावर ह्यांचे आणि माझे दोन दिवस बोलणे नव्हते. शेवटी हेच म्हणाले, "तळमजला बरा."

पंधरा दिवस दोघी वेगळ्या खोल्यांत, आजार नाही ना हे पाहायला. मग दोघींपैकी कोणीही न वावरलेल्या खोलीत मधोमध गवताचा ढीग, आडोशाला दोन्हीकडून उघडी खोकी, आणि आम्ही चौघे मोठे भिंतीला टेकून. त्या दुसरीने घुंऽऽ असा आवाज काढीत, कंबर डोलवीत बर्फीभोवती फेऱ्या घातल्या. बर्फीने दात कटकट वाजवले. मुलगा रडकुंडीला आला. रक्त निघत नाही तोवर मध्ये पडायचे नाही असे डॉक्टरांनी बजावले होते, म्हणून ह्यांनी हातातला टॉवेल घट्ट धरून ठेवला होता. दीड तासाने दोघी एकाच ढिगाच्या दोन टोकांनी खाऊ लागल्या.

पुढच्या रविवारी हे कोथिंबिरीची जुडी घेऊन तिकडे गेले. बर्फी खोक्यात दुसरीला चिकटून पहुडली होती. ह्यांनी हाक मारली तेव्हा तिने मान वर केली, मग त्या दुसरीने काहीतरी पुटपुटले आणि बर्फी तिकडे वळली. घरी येऊन ह्यांनी मला फक्त जुडी केवढ्याला मिळाली ते सांगितले. मी विचारले, "आवाज आला का?"

"आला," म्हणाले. "आमच्याशी नव्हे. आपापसांत."